एकाच बिलाचं उत्पन्न दोनदा: अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांस,

सप्रेम नमस्कार.

भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांना मशीन डिझाइनबाबत सल्ला देणं हा माझा व्यवसाय. नोकरी नाही, म्हणून फॉर्म 16 नाही. वर्षाचा हिशेब म्हणजे माझी बिलं, बँकेचं स्टेटमेंट आणि आयकर पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे इतरांनी माझ्याबद्दल कळवलेल्या व्यवहारांचं वार्षिक विवरण. पहिली दोन एकमेकांशी जुळतात. एआयएस जुळलं नाही, तर खुलासा आम्हीच करायचा.

घडतं ते असं. मार्चअखेरीला कंपनी माझ्या कामापोटी 80,000 रुपयांची तरतूद करते, म्हणजे बिल येण्याआधीच खर्च नोंदवते, आणि त्यावर 10 टक्के टीडीएस (माझ्या फीतून कापून सरकारकडे भरायचा कर) दाखवते. एप्रिलमध्ये माझं बिल पोहोचतं आणि अकाउंट्समधलं दुसरंच कुणीतरी ते नव्याने चढवतं. पुन्हा टीडीएस. रक्कम खात्याला जमा धरली किंवा प्रत्यक्ष दिली, यातलं जे आधी होईल तेव्हा एकदाच कपात, हा नियम आहे. तरीही एका कामाची फी दोन आर्थिक वर्षांत उत्पन्न म्हणून दिसते.

जीएसटीचाही असाच घोळ होतो. एक लाखाच्या बिलावर 18,000 जीएसटी वेगळा दाखवला असेल, तर त्या जीएसटीवर टीडीएस कापू नये असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं (सीबीडीटी) 2017 चं परिपत्रक सांगतं. काही ग्राहक मात्र सरसकट 1,18,000 वर कापतात. सरकारकडे भरलेला करही मग माझ्या कमाईत धरला जातो.

नोंद दुहेरी असल्याचं एआयएसमध्ये कळवता येतं. 2024 पासून, आपलं म्हणणं माहिती देणाऱ्याकडे, म्हणजे कंपनीकडे, गेलं का आणि त्याने काय उत्तर दिलं, हेही दिसतं. ही सोय चांगली आहे. पण दुरुस्ती शेवटी कंपनीनेच करायची. अकाउंट्समधून उत्तर येतं, "मॅडम, क्वार्टर क्लोज झालंय. रिव्हाइज करावं लागेल, सीएंना विचारून सांगते." पुढचं काम त्याच कंपनीकडून यायचं असतं, त्यामुळे किती तगादा लावणार? अनुमानित पद्धतीने, म्हणजे खर्चाचा तपशील न देता, रिटर्न भरणाऱ्या व्यावसायिकाच्या जमेतली किमान निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते. म्हणजे 80,000 च्या चुकीच्या नोंदीमुळे न कमावलेल्या 40,000 वर कर. नोटिशीच्या धास्तीने तो मुकाट भरणारे लोक माझ्या ओळखीत आहेत, आणि हे मला फार लागतं.

जीएसटीच्या जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्रात नोंदणीकृत ग्राहकाचं प्रत्येक बिल क्रमांकासह नोंदवावं लागतं. टीडीएसच्या तिमाही विवरणपत्रात पॅन, तारीख आणि रक्कम असते, बिल क्रमांकाची सक्ती नाही. तिथेही बिल क्रमांक आणि बिलाची तारीख सक्तीची करा. एकाच पॅनवर तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की विवरणपत्र स्वीकारण्याआधीच प्रणालीने कंपनीला विचारावं. मार्चची तरतूद बिलाआधी होत असेल, तर बिल आल्यावर ते त्याच नोंदीला जोडायला लावा.

आणि आम्ही बिल व बँकेची नोंद जोडून हरकत घेतली, तर कंपनीला उत्तरासाठी 30 दिवस द्या. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर आमचा आकडा ग्राह्य धरा. हरकत नाकारायची असेल, तर दुसऱ्या नोंदीचं बिल आणि पैसे दिल्याची तारीख कंपनीने दाखवावी.

आपली,
एक स्वतंत्र तांत्रिक सल्लागार
पिंपरी-चिंचवड