'जर्मन आर्मी ट्रेनर' बुटांबाबत आणि खोक्यातल्या कार्डाबाबत तक्रार

दिनांक : २४ जून २०२५
पुणे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : सदोष बूट परत घेऊन ६,४९९ रुपये परत मिळणे व चुकीचा मजकूर काढून टाकणे

महोदय/महोदया,

तुमच्या संकेतस्थळावरून मागवलेले 'जर्मन आर्मी ट्रेनर' (९ नंबर, पांढरे) मला ५ जूनला मिळाले. शनिवारी, ७ तारखेला, ते घालून बॅडमिंटनला गेलो. दुसरा गेम संपायच्या आत हॉल सांभाळणारे काका फडके घेऊन आले आणि कोर्टवरच्या तपकिरी रेघा पुसता पुसता म्हणाले, "सर, उद्यापासून नॉन-मार्किंग घालून या."

आता त्यांना काय सांगणार, की हा बूट मुळात हॉलसाठीच जन्माला आला? पश्चिम जर्मनीच्या सैन्याने, म्हणजे बुंडेसवेअरने, १९७० च्या दशकापासून आपल्या जवानांना व्यायामासाठी दिलेला हा बूट. वर पांढरे चामडे, बोटांवर राखाडी स्वेड, म्हणजे लव असलेले मऊ चामडे, आणि खाली मधाच्या रंगाचा रबरी सोल. तो रंग शोभेचा नव्हता, जमिनीवर डाग पडू नयेत म्हणून तसला रबर होता. तुम्ही रंग तेवढा उचललात.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९६ मध्ये नोकरीनिमित्त श्टुटगार्टला असताना तिथल्या जुन्या बाजारात मी असाच एक जोड २० मार्कांना (मार्क हे तेव्हाचे जर्मन चलन) घेतला होता. जर्मनी एक झाल्यावर करारानुसार सैन्य ३,७०,००० वर आणायचे ठरले, तेव्हा कोठारांतले कपडे आणि बूट असे बाजारात आले. माझ्या जोडाच्या जिभेवर कोणा जवानाचा नंबर बॉलपेनने लिहिलेला होता. तो नंबर पुसट झाला, पण बूट अकरा वर्षे टिकला. त्याच सुमारास बेल्जियमच्या मार्टिन मार्जिएला या फॅशनवाल्याची नजर या जुन्या बुटांवर गेली. पुढे 'रेप्लिका' या नावाने त्यांची नक्कल महागड्या दुकानांत लागली आणि तेव्हापासून जो तो हा बूट काढतो आहे. काढा की. पण जाहिरातीत 'अस्सल स्वेड' लिहिता, तर स्वेड लावा. माझ्या उजव्या बुटाच्या बोटांवरचा तुकडा तिसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखा सुटला. चौकातल्या बूट शिवणाऱ्या काकांनी नखाने खरवडून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, हे रेक्झिन आहे. वरून नुसती लव चिकटवलीय."

आता कार्डाविषयी. खोक्यातल्या जाड कार्डावर छापले आहे की हा बूट 'दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांनी गाजवला'. महायुद्ध १९४५ मध्ये संपले. बुंडेसवेअरची स्थापनाच १२ नोव्हेंबर १९५५ ची. म्हणजे तुम्ही लोकशाही जर्मनीच्या सैन्याचा बूट हिटलरच्या सैन्याच्या पायात घातलात, आणि तोही कौतुकाने! हे कार्ड माझ्या श्टुटगार्टच्या घरमालकीणबाईंना दाखवायची माझी तरी छाती झाली नसती. मूळ बूट आदिदासचा की प्यूमाचा, यावर वाद आहे. दोन्ही कंपन्या हेर्त्सोगेनआउराख या एकाच गावातल्या, भांडून वेगळ्या झालेल्या दोन सख्ख्या भावांच्या. त्या वादात तुम्ही चुकला असतात तर मी हे पत्र लिहिलेही नसते.

१० जूनला फोटोंसह ईमेल पाठवला, त्याची पोचही आली नाही. चॅटवर एवढेच उत्तर मिळाले की 'वापरलेला माल परत घेतला जात नाही'. न वापरता सोल डाग पाडतो हे कसे कळायचे, तेही सांगा. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. पोचेची मुदत केव्हाच उलटली.

माझे पूर्ण पैसे परत करावेत. 'अस्सल स्वेड', 'नॉन-मार्किंग' आणि महायुद्धाचा मजकूर संकेतस्थळावरून व कार्डावरून काढावा. १० जुलैपर्यंत काही झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे भ्रामक जाहिरातीची तक्रार करीन.

बूट खोक्यात भरून ठेवले आहेत. सुटलेला तुकडा वेगळ्या पाकिटात आहे. न्यायला माणूस सकाळी १० च्या आत पाठवावा.

आपला,
एक ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, बुटांचे चार फोटो, कार्डाचा फोटो