तळटिपेतले बावीस की तेवीस?

महोदय,

संशोधन नियतकालिकांचे नियम म्हणजे लेखकाला छळण्याचे निमित्त, असा सूर आपल्या पुरवणीतील लेखात होता. मी निवृत्त ग्रंथपाल आहे आणि चर्चच्या इतिहासावर थोडेफार लिहिते. एका चर्चविषयक त्रैमासिकाला लेख पाठवताना मीही कपाळावर हात मारून घेतला होता. तरी तो सूर मला निम्माच पटतो.

माझा लेख इंग्लंडमधील बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांवर होता. तो पहिल्यांदा न वाचताच परत आला. लेखक कोण हे परीक्षकाला कळता कामा नये, अशी अट होती. पहिल्या पानावरचे नाव मी काढले, पण फाइलच्या माहितीत ते तसेच राहिले. वर सातव्या तळटिपेत मीच लिहून ठेवलेले, ‘माझ्या आधीच्या लेखात म्हटल्याप्रमाणे’! म्हणजे बुरखा घालायचा आणि नावाची पाटी गळ्यात अडकवायची.

दुसऱ्या खेपेला परीक्षकाने दोन चुका काढल्या आणि मी गप्प झाले. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ या स्तोत्राला मी क्रमांक २२ दिला होता. व्हल्गेट या बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतरात तो २२ च आहे, पण मी उतारा घेतला होता हिब्रू क्रमाच्या बायबलमधून, आणि तिथे तो २३. कोणते भाषांतर वापरले हे सुरुवातीलाच सांगा, ही अट मी वाचून सोडून दिली होती. दुसरी चूक तारखेची. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे वहीतला ‘फेब्रुवारी १६९९’ आपल्या हिशेबाने १७०० चा. मी तो तसाच उतरवल्याने एक मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मले होते! ‘१६९९/१७००’ असे लिहा, हा नियम क्षुल्लक कसा म्हणायचा?

खरा जाच वेगळा आहे. लेखक-वर्ष पद्धतीचे, म्हणजे मजकुरातच कंसात नाव आणि साल देणारे, संदर्भ मोडून सगळे शिकागो नावाच्या संदर्भपद्धतीच्या तळटिपांत बसवायला माझे दोन आठवडे गेले, तेही लेख घेणार की नाही हे ठरण्याआधी. काही नियतकालिके पहिल्या खेपेला कोणतीही एकसारखी पद्धत चालवून घेतात आणि स्वीकारल्यावर बदलायला सांगतात. सर्वांनीच तसे का करू नये? शिवाय एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवायचा नाही, हे बंधन लेखकावर. संपादकांवर मात्र मुदतीचे बंधन नाही. माझ्या सुधारित लेखाची पोच आली, त्याला अकरा महिने झाले. नकार द्यायचा तर द्यावा, पण तीन महिन्यांत एक ओळ तरी कळवावी, नाहीतर लेख दुसरीकडे पाठवायला मोकळीक असावी. ही अट लेखकांसाठीच्या सूचनांत छापलेली मला अजून दिसलेली नाही.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल