केबल तुटली, सर!

सर, सादर नमस्कार.

मी तुम्हाला आठवणार नाही. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर फुरसुंगीहून सायकलवर येणारा एक काटकुळा पोरगा, एवढीच माझी ओळख. जमिनीवरचा विंच केबल गुंडाळत आमच्या बिनइंजिनाच्या ग्लायडरला वर खेचत होता. ३०० फुटांवर तुम्ही मागच्या सीटवरून काही न सांगता केबल सोडलीत आणि ओरडलात, “केबल तुटली!” मी गोठलो. नाक आभाळाकडेच. शेवटी तुम्हीच काठी पुढे ढकललीत. “आधी नाक खाली. विचार नंतर.”

आता अमेरिकेत असतो. सहा वर्षं खपून गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधलं. (तिथे निम्म्याहून जास्त काम स्वतः केलं की अशा विमानाला ‘प्रायोगिक’ गटात परवानगी मिळते. गाडी सहा वर्षं पावसात, हे बायकोचं म्हणणं.) ते इंजिनाशिवाय किती तरंगतं, हे मला बघायचं होतं. नुसतं थ्रॉटल मागे घेऊन ते कळत नाही. इंजिन बंद केलं तरी वाऱ्यानं पंखा फिरत राहतो आणि विमानाला मागे ओढतो. तो थांबवायला वेग पार स्टॉलच्या, म्हणजे पंख विमानाला तोलेनासे होतात त्या वेगाच्या, जवळ आणावा लागतो. विमानतळाच्या डोक्यावर ५,००० फुटांवर आणला. पंखा समोर आडवा थांबला आणि त्या शांततेत हातानं आपणहून नाक खाली केलं. विचार नंतर आला.

पंखा फिरताना उतार एकास आठ (एक फूट खाली येताना आठ फूट पुढे), थांबल्यावर एकास नऊ. तुमच्या ग्लायडरचा एकास तीस धरला तर हडपसरवर १,००० फुटांवरून, वारा नसताना, तो स्वारगेटपर्यंत जाईल. माझं मगरपट्ट्याच्या आसपासच बसेल!

तिसऱ्यांदा पंखा थांबवला तेव्हा इंजिन पुन्हा चालू करायला स्टार्टरला हात लावलाच नाही. “काचेवर जो ठिपका वर-खाली सरकत नाही, तिथेच तू टेकणार,” हे तुमचंच. माझा ठिपका धावपट्टीच्या पार टोकाला. उंची जास्त झाली होती आणि झटकन खाली यायला ग्लायडरसारखे एअरब्रेक (पंखांवर उघडणाऱ्या फळ्या) नाहीत. मग डावा पंख खाली, उजवा पाय दाबून विमान तिरकं घसरवलं, शेवटी सरळ केलं आणि टेकलो. पुन्हा फेरी मारायची सोय नव्हती, पण ती सवय तुम्ही लागूच दिली नव्हती.

तेव्हा आभार मानायचं सुचलं नाही, उलट आठवडाभर मी तुमच्यावर चिडून होतो. डिसेंबरात पुण्याला येतोय. लॉगबुक आणतो. त्या उड्डाणापुढे शेऱ्याच्या रकान्यात ‘केबल तुटली’ लिहिलंय, तिथे तुमची सही हवी.

तुमचा,
फुरसुंगीचा सायकलवाला