बंड्यास, पिवळ्या फळांबद्दल

वडोदरा, मंगळवार

प्रिय बंड्या,

तुझी तीन पत्रं पडून आहेत, शिव्या दे. गुडघा आहे तसाच. लिहायला बसलोय ते एका कुंपणापायी, आणि हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर हसतील.

सोसायटीत झोपाळ्यालगतचं झुडूप पावसाळाभर कोणी कापलं नाही. आता पुरुषभर उंचीवर पिवळ्याधमक फळांचे घोस लोंबतायत आणि पोरं भातुकलीत तीच वाढतायत. माळी म्हणतो, कामिनी. सेक्रेटरी म्हणतात, "पक्षी खाय छे ने? कंई वांधो नथी!"

मला तो ड्युरांटा वाटतो. फळांचा फोटो पाठवत नाही. रंगावरून नाव ठेवायची तुझी खोड कमाटी बागेपासूनची. रातराणीच्या पांढऱ्या फळांना तू काय म्हणाला होतास, ते वहिनींसमोर काढत नाही.

म्हणून फळं, पानं, फुलं तिन्ही असलेली वीतभर फांदी घेतली. पानं साधी, समोरासमोर, वरच्या अर्ध्यात बारीक दाते, एकदोन बेचक्यांत काटा. इथेच कामिनी, म्हणजे आपली कुंती, बाद: तिचं पान संयुक्त, म्हणजे एकाच देठावर ३ ते ९ छोट्या पानांचं, उजेडाला धरलं की तैलबिंदू दिसतात, चुरडलं की लिंबाच्या जातीचा वास. देठ मोडला, चीक नाही. म्हणजे करवंद-कण्हेराचं कूळही नव्हे. फुलं जांभळी, पाच पाकळ्यांची.

आता फळ. जेमतेम १ सेंमी, टोकाला वाकडी चोच. ही चोच फळाची नव्हे बरं का. फूल गळल्यावर निदलपुंज, म्हणजे फुलाच्या बुडाचा पेला, वाढतो, फळाला गुंडाळून घेतो आणि टोकाशी निमुळता होतो. कुंतीच्या लाल फळाला तो बुडाशी इवलासा उरतो. ब्लेडने आडवं कापू नकोस, आठळीवर घसरतं. गर सोलून आठळ्या मोज. ४ निघाल्या, प्रत्येकीत २ बिया. कुंतीत एक किंवा दोनच बिया, त्याही लवदार. हे सारं चव न घेता. नंतर हात धुवायचे.

माळ्याला दोष देत नाही. तो हे झुडूप कायम कात्रीखालीच बघतो. फुलं नव्या फुटीच्या शेंड्यांना येतात, ते दर पंधरवड्याला छाटले की फूल नाही, फळ नाही. ड्युरांटाचं सोनेरी पानांचं कुंपण गावभर आहे, पण फळ कोणी पाहिलंय?

काळजी एवढीच. बुलबुल ही फळं खुशाल खातात, पण मुलांना आणि कुत्र्यांना ती विषारी: उलट्या, ग्लानी, झटकेसुद्धा. पक्ष्यांवरून माणसाचा हिशेब लावणाऱ्याला कसं समजवायचं? घोस उतरवायला सांगितलेत, गळलेली वेचायलाही. ऐकतील असं दिसत नाही. तुझी दोन ओळींची चिठ्ठी आली तर बैठकीत दाखवीन, माझं म्हणणं म्हणजे "काका काहीतरी बोलतात."

फांदी वर्तमानपत्रात दाबून पाठवतोय, कागद रोज बदलला आहे. आठळ्या वेगळ्या पुडीत. प्लॅस्टिकमध्ये ठेवू नकोस, बुरशी येते.

धाकटीचं लग्न ठरलं हे वाचलं, छान झालं, तारीख कळव. वहिनींना नमस्कार. इंदुरात थंडी पडली का?

चिठ्ठी रविवारच्या आत पाठव.

तुझा,
नाना