पंप घ्यायचं ठरवलं आहे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई गप्प होते आणि बाबा "बघू, बघू" म्हणत फोन दादाकडे देतात, म्हणून लिहूनच कळवते. माझ्या मधुमेहासाठी मी इन्सुलिन पंप घेते आहे. पैसे भरून झाले. पुढच्या आठवड्यात डॉक्टर तो लावून देतील आणि वापरायला शिकवतील.

पैशांचं आधी सांगते, कारण बाबांच्या मनात पहिलं तेच येणार. मागच्या अंगाची कलमं विकायची नाहीत. मी माझी मुदत ठेव मोडली, उरलेल्याचे हप्ते आहेत. दर महिन्याला नळ्या आणि सेन्सर लागतील, तो खर्च पगारात बसतो, नीट मांडून बघितला आहे. बाबा, तुमचे पैसे नको म्हटले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मी सातवीत असल्यापासून तुम्ही कशाकशाला हात घातलात ते मला ठाऊक आहे. आता ती कलमं राहू देत.

आई, तू म्हणतेस इंजेक्शनं बरी चालली आहेत, मग अंगाला यंत्र कशाला? बरी चालली नाहीत गो. जेवणानंतर दोन तासांनी साखर २७० आणि संध्याकाळी चारला ५८, असं आठवड्यातून किती वेळा होतं ते मी तुला सांगत नव्हते, तू झोपणार नाहीस म्हणून. भाताची साखर अर्ध्या तासात रक्तात चढू लागते. इन्सुलिन टोचलं की ते कामाला लागायलाच पंधराएक मिनिटं घेतं, भरात यायला तासभर तरी जातो आणि चार तास रेंगाळतं. म्हणजे साखर पुढे, औषध मागे. आणि साखर ओसरली तरी औषध अजून अंगात. मग हात थरथरायला लागतात.

आपल्या घरचं जेवण तर आणखी वेगळं. माशाची आमटी, तळलेली तुकडी, खोबऱ्याचं वाटण. नारळाच्या आणि तेलाच्या स्निग्धपणामुळे पोट सावकाश रिकामं होतं, भाताची साखर उशिरा चढते आणि रात्रीपर्यंत चढत राहते. एकाच सुईने घेतलेलं औषध तोवर संपलेलं असतं. गौरीच्या त्या रात्री झालं ते यामुळेच. आई, त्यात तुझ्या स्वयंपाकाचा काही दोष नव्हता. हे मला पूर्वीच नीट सांगता आलं असतं तर तू घरातला गूळ डब्यात वर ठेवून दिला नसतास.

पंपात तेच इन्सुलिन असतं, पण ते पोटावरच्या बारीक प्लास्टिकच्या नळीतून थेंब थेंब जात राहतं. झाडाला घागरभर पाणी एकदम ओतणं आणि ठिबक लावणं यात जो फरक, तोच. पहाटे शरीर आपणहून साखर वाढवतं, तेव्हा त्याचा वेग वाढवता येतो. घाटी चढून देवळात जायचं असेल तर आधीपासून कमी करता येतो. रात्री टोचलेलं चोवीस तासांचं इन्सुलिन परत काढता येत नाही, हे मात्र आवरता येतं. आणि माशाच्या जेवणाला थोडं औषध जेवणाआधी, उरलेलं पुढच्या दोन-तीन तासांत, असं वाटून देता येतं. मी हा निर्णय घेतला तो मुख्यतः या एका सोयीसाठी.

यंत्र आपणहून सगळं करत नाही. ताटात काय आहे ते मला त्याला सांगावं लागणार. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं, असा हिशेब. दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा दाखवेल, साखर उतरायला लागली तर वाजेलही. म्हणजे आई, रात्री तीनला उठून माझ्या कपाळाला हात लावून बघायची गरज नाही. तो हात मला अजून हवा असतो, पण तू झोप. सुई दुखते का, तर दर दोन-तीन दिवसांनी नळी बदलताना एकदाच. कुशीवर झोपता येतं. समुद्रात उतरताना पंप काढून ठेवता येतो, तासाभराच्या आत परत लावला की झालं.

आता नीट ऐका, दोघांनीही. पंप वाजला तर घाबरून कुठलंही बटण दाबायचं नाही, मला उठवायचं. मी घामाघूम झाले, भलतंच बोलायला लागले तर पाण्यात तीन-चार चमचे साखर. लाडू नाही, चॉकलेट नाही. त्यांतल्या स्निग्धपणामुळे साखर लवकर लागू पडत नाही. पंधरा मिनिटांनी बोटाचं रक्त तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि गाडी बोलवायची. असं होणार नाही, पण माहीत असलेलं बरं. नळी कधी मुडपली तर काही तासांतच साखर फार चढते, कारण पंपात लांब चालणारं इन्सुलिन नसतंच. म्हणून इन्सुलिन टोचायची जुनी पेनं आपल्या फ्रिजच्या दारात राहतील, बर्फाच्या कप्प्याजवळ नकोत. वीज गेली तर पिशवीत बांधून माठाच्या गारव्याला ठेवायची.

बाबा, तुमची साखर वेगळ्या जातीची आहे, पण म्हणून ती कमी महत्त्वाची नाही. कारल्याचा रस प्यायलात तरी गोळी चुकवायची नाही. जेवणानंतरची तपासणी पहिल्या घासापासून दोन तासांनी करायची, उपाशीपोटीची एकटी पुरत नाही. कलमांत अनवाणी फिरणं आजपासून बंद. तुम्हाला तळव्याला काटा लागलेला कळत नाही, हे आईने मला सांगितलं आहे, तिच्यावर चिडू नका. आणि डोळे तपासून घ्या, दादा गाडी घेऊन येईल. आई, तू विहिरीवर जाऊ नकोस, गुडघ्यांचा काय तो निकाल डॉक्टरांकडे लाव.

मी गावी येऊन राहावं हे तुमच्या मनात आहे. इकडची नोकरी आणि डॉक्टर सोडवत नाहीत, अजून तरी. पण चतुर्थीला नक्की येणार, कणकवलीला उतरेन. एक काम करून ठेव, आई: उकडीच्या मोदकांचं सारण करशील तेव्हा गूळ किती, खोबरं किती, आणि त्यात मोदक किती झाले ते मोजून लिही. तुझ्या अंदाजाने नको, वजनकाट्याने. तेवढं कळलं की मी पंपाला सांगून पंक्तीत सगळ्यांबरोबर बसेन. आणि गूळ खालच्या फळीवर आण.

तुमची,
बाय