चौकशी मुलांची, तीही गणवेशातल्या पोलिसांकडून

मुंबईत ‘पोलीस दीदी’ शाळेत येऊन मुलींना चांगला-वाईट स्पर्श समजावून सांगतात. असे पोलीस शाळेत जरूर यावेत. पण जानेवारी २०२० मध्ये आमच्या उदगीरपासून जवळच असलेल्या, कर्नाटकातल्या बिदरमध्ये, नागरिकत्व कायद्यावरच्या एका नाटुकल्यावरून पोलिसांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांची पुन्हापुन्हा चौकशी केली. काही पोलीस गणवेशात होते, शस्त्रासह. एक मुख्याध्यापिका आणि नाटुकल्यातल्या एका मुलीची आई, दोघींना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. नऊ-दहा वर्षांच्या लेकरांना काय वाटलं असेल!

ऑगस्ट २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने मुलांची अशी चौकशी हे बालहक्कांचं गंभीर उल्लंघन असल्याचं सकृद्दर्शनी मत नोंदवलं. शाळेच्या व्यवस्थापनावरचा राजद्रोहाचा गुन्हाही २०२३ मध्ये रद्द झाला. मुलांशी बोलताना पोलीस शक्यतो साध्या वेशात असावेत, हे बाल न्याय नियमांत स्पष्ट आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यातही जबाब घेणाऱ्याने गणवेश घालू नये असं म्हटलंय. किती मुख्याध्यापकांना हे ठाऊक आहे? शिक्षण विभागाने हे नियम प्रत्येक शाळेच्या कार्यालयात मराठीत लावावेत आणि पालकांना कळवल्याशिवाय कोणत्याही मुलाला चौकशीसाठी पुढे करू नये, असे लेखी आदेश काढावेत.

– एक शिक्षिका, उदगीर