लेहचे मीठ-पाणी आणि गोव्याचा घाम

संपादक महोदय,

सोनम वांगचुक यांनी मार्च २०२४ मध्ये लेहला केवळ मीठ-पाण्यावर २१ दिवस हवामान उपोषण केले. खाजने (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते), डोंगर, म्हादई नदी यांसाठी गोव्यात कुणी तसेच बसणार असेल, तर उपोषण मंडपात देखरेख करणारे म्हणून काही गोष्टी वेळेवर सांगणे आमचे कर्तव्य आहे.

लेहला तेव्हा रात्री पारा शून्याखाली होता. पणजीच्या आझाद मैदानावर एप्रिल-मेमध्ये नुसते बसले तरी घामाने कपडे भिजतात आणि घामाबरोबर मीठ जाते. अशा वेळी नुसते पाणी पीत राहिले की रक्तातले सोडियम उतरते. डोके जड होते, मळमळते, बोलणे असंबद्ध होते, पुढे झटकेही येतात. सोबतचे लोक अशक्तपणा समजून आणखी पाणी पाजतात आणि तिथेच घात होतो. दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी आणि त्यात चहाचा अर्धा ते एक चमचा मीठ विभागून घ्यावे. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

थायमिनची (ब-१ जीवनसत्त्व) गोळी पहिल्या दिवसापासून हवी. शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. मग एकाचे दोन दिसतात, तोल जातो, स्मृती कायमची अधू होऊ शकते. गोळीने उपोषण बाटते असे काहींना वाटते, आम्हाला वाटत नाही. जे घेतो ते मंडपाच्या फलकावर रोज लिहावे. शहाळ्याच्या पाण्यात साखर असते, तेव्हा ते घेतले तर तेही लिहावे. लपवलेला एक घोट सगळ्या आंदोलनाची पत घालवतो.

वजन रोज सकाळी त्याच काट्यावर घ्यावे. रक्तदाब झोपून आणि उभे राहून, असा दोनदा मोजावा. ६० किलोचा माणूस ५४ वर आला की रक्त तपासल्याशिवाय पुढचा दिवस काढू नये. मधुमेहाची औषधे घेणारे, गरोदर स्त्रिया, १८ वर्षांखालील मुले यांनी बसूच नये. बाकीच्यांनी चोवीस-चोवीस तासांचे साखळी उपोषण करावे. ते कमी प्रतीचे नव्हे.

सर्वांत धोक्याचा क्षण मात्र उपोषण सुटण्याचा. दहा-बारा दिवसांनंतर पाहुण्यांच्या हस्ते पेलाभर मोसंबी रस आणि वर पेढा दिला, की साखरेमागोमाग रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते आणि हृदयाचा ठोका चुकू शकतो. छायाचित्रासाठी एक घोट पुरे. आधी थायमिन, मग उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ, थोडी थोडी, दर दोन तासांनी. पहिल्या दिवशी किलोमागे सुमारे १० कॅलरी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६००. पूर्ण जेवणावर यायला चार ते सात दिवस लागू द्यावेत. पहिले तीन दिवस रुग्णालयात राहून रोज रक्त तपासावे.

‘आमरण’ हा शब्द जपून वापरावा. गंगेसाठी बसलेले प्रा. जी. डी. अग्रवाल २०१८ मध्ये १११व्या दिवशी गेले. शिवाय सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२६ खाली गुन्हा आहे, त्यामुळे मरणे हा आपला हेतू नाही हे निवेदनात स्पष्ट लिहावे. शुद्ध हरपली तर काय करायचे, हे उपोषणकर्त्याने पहिल्याच दिवशी डॉक्टरांना एकांतात, लेखी सांगून ठेवावे.

आणि मागणी? ‘हवामान न्याय द्या’ यावर कोणताच अधिकारी सही करू शकत नाही. अमुक गावच्या खाजनाचा फुटलेला बांध आणि मानशीची (बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची) कुजलेली दारे अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करा, यावर करू शकतो. खारे पाणी शेतात शिरायचे थांबवणारे हे काम पावसाआधी उरकावे लागते. म्हणून मे महिन्यात नव्हे, जानेवारीत बसावे. ऊनही तेव्हा सोसवते.

- उपोषण मंडपांत सेवा देणारे काही डॉक्टर व परिचारिका, मडगाव